धागा : टपालाने आलेली इंग्रजी, आणि न आलेला तिचा आवाज

धागा लांब आहे, सवडीने वाचावा. विषय आहे दूरशिक्षण आणि इंग्रजी. २०२० साली शाळा बंद पडल्यावर हा प्रश्न जणू प्रथमच उपस्थित झाला, अशी आपल्या पिढीची समजूत आहे. वस्तुतः महाराष्ट्रात दुरून इंग्रजी शिकण्याला किमान दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला मुख्य प्रश्न आरंभापासून एकच राहिला आहे : भाषेचे कोणते अंग दुरून येते आणि कोणते वाटेतच राहते?

मी यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावचा. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे ठिकाण. कापसाचा मुलूख, शेजारी बेंबळा नदी. इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचे नाव क्वचितच सापडते. तरीही मुद्दाम येथूनच पाहावयाचे आहे, कारण ‘दूर’ हा शब्द कोठून मोजला यावर त्याचा अर्थ ठरतो. मुंबईत बसून दूरशिक्षणाचा इतिहास लिहिला की तो संस्थांच्या स्थापनेचा इतिहास होतो. बाभुळगावातून लिहिला की तो पोहोचण्याचा इतिहास होतो.

आरंभ टपालापासून करू. १ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात टपालाची नवी व्यवस्था अमलात आली. पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. अंतराचा आणि दराचा संबंध तुटला, ही साधी गोष्ट नव्हे. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि धामणगाव त्या मार्गावरचे स्थानक झाले. १८७९ च्या जुलैत पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. त्याआधी, १८७६ साली, हिंदुस्थान आंतरराष्ट्रीय टपाल संघात सामील झाला होता, त्यामुळे परदेशी पत्रव्यवहारही पूर्वीपेक्षा सुलभ झाला होता.

त्या काळी आजचा यवतमाळ जिल्हा ‘वणी’ या नावाने वऱ्हाडात मोडत असे. यवतमाळ हे नाव १९०५ साली आले. सरकारी हायस्कुले होती अमरावतीला आणि अकोल्याला. खेड्यातल्या मुलाला इंग्रजी शिकायची तर घर सोडावे लागे. मुलीसाठी तर हा विचारही कोणाच्या मनात येत नसे.

आणि तरीही दुरून इंग्रजी शिकण्याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण एका मुलीचेच आहे. आनंदीबाई जोशी पहिल्या डॉक्टर म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्या पत्रद्वारा शिकलेल्या विद्यार्थिनीही होत्या, ही बाजू मात्र फारशी कोणी मांडत नाही.

गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीला होते. हा योगायोग मला नेहमी अर्थपूर्ण वाटतो : ज्याला पत्र कसे आणि किती दिवसांत कोठवर जाते हे नेमके माहीत होते, त्याच माणसाने पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला पत्र धाडले. १८७८ साली कोल्हापूरहून त्यांनी वाइल्डर या मिशनऱ्याला लिहिले. ते पत्र पुढे अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीच्या थिओडोसिया कार्पेंटर यांनी १८८० साली ते दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना वाचले आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या.

पुढची तीन वर्षे हा पत्रव्यवहार चालला. चालीरीती, धर्म, बालविवाहाचे स्त्रियांच्या प्रकृतीवर होणारे परिणाम असे गंभीर विषय त्यात येत. शिकवणीच्या दृष्टीने पाहा. पत्र लिहायचे म्हणजे आधी विचार जुळवायचा, मग शब्द शोधायचे, मग वाक्य पुन्हा वाचून दुरुस्त करायचे. उत्तर यायला कित्येक आठवडे. तोवर आलेले जुने पत्र पुनःपुन्हा वाचायचे. म्हणजे प्रत्येक पत्र एकाच वेळी धडाही आणि निबंधाची वहीही. आणि समोर खरा वाचक, जो गुण देत नाही, उत्तर देतो. आजच्या भाषाशिक्षणशास्त्रात ज्याला अर्थपूर्ण लेखन म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

अर्थात सर्व श्रेय पत्रांना देता येणार नाही. गोपाळराव घरी शिकवत होतेच, आणि मुंबईत काही काळ मिशनच्या शाळेतही त्या गेल्या होत्या. पण या इंग्रजीची घडण लेखणीतून झाली, हे महत्त्वाचे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या (बंगालमधील; नगर जिल्ह्यातील नव्हे) महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत यावर इंग्रजीत भाषण केले. त्याच वर्षी ७ एप्रिलला त्यांनी कलकत्ता सोडले, जूनमध्ये न्यूयॉर्क गाठले, आणि पत्रातली मावशी प्रथमच डोळ्यांनी पाहिली. मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे निधन झाले. अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्यांचे स्मारक आहे.

वाचन आणि लेखन टपालाने येऊ शकते, याचा हा पुरावा. ऐकणे आणि बोलणे यांची गोष्ट निराळी.

जे आनंदीबाईंना एका व्यक्तीच्या स्नेहामुळे लाभले, ते सर्वसामान्य मराठी मुलाला लाभणे शक्य नव्हते. त्याला लाभली ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तीन भाग, नियम, शब्द, मग मराठी वाक्ये इंग्रजीत करा आणि इंग्रजी वाक्ये मराठीत करा. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यावर इंग्रजी शिकले. शिक्षक नसलेल्या गावात ही पुस्तके शिक्षकाचे काम करीत. तिची आज थट्टा होते, ती मला अन्यायकारक वाटते. भाषांतरपद्धतीचे एक मोठे बलस्थान होते : विद्यार्थ्याला मराठी वाक्याची रचनाही कळू लागे. कर्ता, कर्म, क्रियापद यांची जाण ज्यांना तर्खडकरांमुळे आली अशी मंडळी विदर्भातल्या कचेऱ्यांत आणि कोर्टांत मोठ्या संख्येने होती. त्यांचे अर्ज निर्दोष असत. पण साहेब समोर उभा राहिला की बोलणे अडखळे. पुस्तकात उच्चार लिहून दाखवता येतो, ऐकवता येत नाही.

कानापर्यंत इंग्रजी आली ती रेडिओने. मुंबईचे केंद्र १९२७ चे, बीबीसीने रेडिओवरून इंग्रजीचे पाठ सुरू केले १९४३ साली, आणि आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले १९४८ च्या जुलैत. विदर्भाच्या दृष्टीने हे शेवटचे साल मोलाचे. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि रेडिओ पानटपरीवर, शेताच्या बांधावर गेला. माझे निरीक्षण असे, की ‘पाठ’ म्हणून प्रसारित झालेल्या कार्यक्रमांपेक्षा इंग्रजी बातम्या आणि क्रिकेटचे समालोचन यांनी जास्त लोकांचे कान तयार केले. समालोचनात तीच वाक्ये पुनःपुन्हा येतात, प्रसंग डोळ्यांपुढे असतो, आणि चेंडू सीमापार गेला की अर्थ आपोआप कळतो. याला कोणी अभ्यासक्रम म्हटले नाही, म्हणून शिक्षणाच्या इतिहासात त्याची नोंद नाही. नागपूरचे ‘हितवाद’ १९११ पासूनचे. सकाळी ते वाचायचे आणि रात्री बातम्या ऐकायच्या, असा स्वयंघोषित दूरशिक्षणक्रम अनेक शिक्षकांनी वर्षानुवर्षे चालवला.

याच सुमारास शाळेतली इंग्रजी मात्र मागे सरकत होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवावी असे धोरण आले. विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात, नंतर मध्य प्रदेशात. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात. पुढे महाराष्ट्रात इंग्रजी पाचवीपासून आली, आणि २००० सालच्या जूनपासून पहिलीपासून. शिक्षणमंत्री होते रामकृष्ण मोरे. या निर्णयावर तेव्हा घनघोर वाद झाले. त्यात एक साधा प्रश्न मागे पडला : पहिलीच्या वर्गात इंग्रजी बोलून दाखवणार कोण? जिल्हा परिषदेचे बहुसंख्य शिक्षक स्वतः पाचवीत किंवा आठवीत इंग्रजीला भेटलेले. त्यांनी ती वाचली होती, लिहिली होती, परीक्षेत उत्तीर्ण केली होती. बोलली नव्हती.

मधल्या काळात पदवीचे दूरशिक्षण सुरू झाले होते. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम काढला, कोठारी आयोगाने त्याची शिफारस पुढे नेली, मुंबई विद्यापीठाने १९७१ साली आपला विभाग उघडला. व्यवस्था सर्वत्र सारखीच : छापील टिपणे टपालाने यायची, काही दिवसांचे संपर्कवर्ग, शेवटी तीन तासांचा पेपर. या मार्गाने इंग्रजी वाङ्मयात एम. ए. झालेल्या माणसाने दोन वर्षांत एकदाही तोंडाने इंग्रजी वाक्य उच्चारले नसले, तरी पदवीला बाध येत नसे. हे विधान कठोर वाटेल. पण नियमित महाविद्यालयांतूनही स्थिती फार निराळी नव्हती, म्हणून दोष केवळ टपालाचा म्हणता येत नाही. परीक्षा ज्याची, शिक्षण त्याचे. आणि बोलण्याची परीक्षा कोणी घेत नव्हते.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर उच्चशिक्षणाचे कार्यक्रम दाखवायला प्रारंभ केला. त्यासाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या केंद्रांत पुणेही होते. इंग्रजी ऐकायची ती एक संधी होती, पण महानगरी वळणाची इंग्रजी आणि वेगाने बोलणारे प्राध्यापक यांमुळे तालुक्याच्या गावातला विद्यार्थी त्यापुढे फार काळ टिकत नसे. शिवाय त्याकरिता दूरचित्रवाणी संच हवा, आणि दुपारी वीज हवी.

मग १९८९. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ चे, हैदराबादचे १९८२ चे, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ चे. या मालिकेतले हे पुढचे पाऊल, पण एका अर्थाने वेगळे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे बोधवाक्य, आणि भाषा मराठी. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम. शाळा सुटलेल्या स्त्रिया, एस. टी.चे वाहक, पोलीस शिपाई, शेतकरी, अंगणवाडी सेविका असे कितीतरी लोक या दारातून पदवीपर्यंत गेले.

येथे जरा थांबले पाहिजे, कारण या धाग्यातला खरा पेच येथेच आहे. इंग्रजीची अट काढली म्हणून दार उघडले. आजवर किती मुले-मुली केवळ इंग्रजीत नापास होऊन शिक्षणातून बाहेर पडली याचा विचार केला, तर मराठीतून पदवी देण्याचा निर्णय सामाजिक न्यायाचा होता, यात मला शंका नाही. परंतु ज्या नोकरीसाठी ती पदवी घेतली, त्या नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी पुन्हा दाराशी उभी असे. अभ्यासक्रमातून काढलेली अट जगातून निघत नाही. आणि जी भाषा बोलण्याने येते ती छापील पुस्तिकेतून द्यायची कशी, याचे समाधानकारक उत्तर तेव्हा कोणापाशी नव्हते. म्हणूनच याच काळात प्रत्येक एस. टी. स्थानकाच्या पुस्तकविक्रेत्याकडे रॅपिडेक्सचे जाडजूड पुस्तक दिसू लागले. त्याच्या जाहिरातीत कपिल देव असत. तर्खडकरांची जागा रॅपिडेक्सने घेतली, नियमांची जागा तयार संभाषणांनी घेतली. पण तेही पुस्तकच. रेल्वेच्या तिकीटखिडकीवरचे संभाषण बाभुळगावात कोणाशी करायचे? गावाला रेल्वेच नाही.

दुरून बोलणे शिकवता येते का, या प्रश्नाला एक उत्तर आफ्रिकेतून आले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात केनियात प्राथमिक वर्गांसाठी रेडिओवरून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग झाला. त्याचे सूत्र असे : रेडिओवरची व्यक्ती प्रश्न विचारते आणि थांबते. त्या काही क्षणांच्या मोकळ्या जागेत वर्गातली मुले एकसुरात उत्तर देतात. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगतो. वर्गात शिक्षक असतो, पण इंग्रजीचा नमुना पुरवण्याचे ओझे त्याच्यावर नसते. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात निकाराग्वात गणितासाठी हीच रीत वापरली होती. महाराष्ट्रात पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने याच धर्तीवर मराठी शाळांतील मुलांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ ही रेडिओमाला तयार केली. मूल ऐकते, कृती करते, उत्तर देते. या सबंध इतिहासात मला सर्वांत कल्पक वाटणारी गोष्ट म्हणजे ही मुद्दाम सोडलेली शांतता. आनंदीबाईंच्या पत्रांत आठवड्यांची वाट होती. येथे पाच-सात सेकंदांची. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याला आपली पाळी मिळते. पत्रद्वारा पदवीत आणि दूरचित्रवाणीवरच्या व्याख्यानांत ती मिळत नसे.

२००४ साली इस्रोने शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह सोडला. त्यावर येथे अधिक लिहीत नाही. त्या आशेचा इतिहास स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

आता २०२०. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही राज्याची मोहीम, दीक्षा ॲप, पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर कोड, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. म्हणजे जवळपास वीस महिने. यवतमाळ जिल्ह्यात तर फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्णसंख्या वाढल्याने राज्यातील इतर भागांच्या आधीच पुन्हा निर्बंध आले होते.

या काळात एक नवी गोष्ट घडली, जिची दखल कमी घेतली गेली. व्हॉट्सॲपवर मुलांनी कविता म्हणून, उतारा वाचून, आवाज मुद्रित करून शिक्षकांना पाठवले. दूरशिक्षणाच्या दीडशे वर्षांत प्रथमच विद्यार्थ्याचा आवाज उलट दिशेने, घरातून शिक्षकाकडे, इतक्या सहज जाऊ लागला. साठ मुलांच्या वर्गात ज्याचे वाचन शिक्षकाने कधी एकट्याने ऐकले नव्हते, त्याचे वाचन आता शिक्षकाच्या कानाशी होते. साधन प्रथमच पुरेसे होते. पण ते साधन बापाच्या खिशात, आणि बाप कापूस वेचायला शेतात. फोन घरी येईतो रात्र. त्यात रिचार्ज संपलेला.

परिणाम काय झाला? ‘असर’च्या २०२२ च्या अहवालातील ग्रामीण भारताचे आकडे पाहा. पाचवीच्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ साली ५०.५ टक्के होते. २०२२ साली ४२.८ टक्के. मोठी घसरण. इंग्रजीचे काय? साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी पाचवीची मुले २०१६ साली २४.७ टक्के, २०२२ साली २४.५ टक्के. जवळपास जैसे थे. आठवीत तर ४५.३ वरून ४६.७, म्हणजे किंचित वाढच.

हे आकडे प्रथम वाचताना माणूस चक्रावतो. स्वतःची भाषा घसरली आणि परकी टिकली? घाईने कोणी म्हणेल, ऑनलाइन शिक्षणाने इंग्रजीला लाभ झाला. मला तसे वाटत नाही. एक तर दोन्ही तुलनांची आधारवर्षे वेगळी आहेत. २०१६ ते २०२० मध्ये इंग्रजी वाढली असेल आणि नंतर पडली असेल, हे या आकड्यांतून दिसणार नाही. दुसरे असे, की चारांपैकी एकालाच येत असलेल्या गोष्टीत घसरायला जागाही थोडी असते. ज्यांना इंग्रजी वाचता येत होती, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी शिकवणी, खासगी शाळा, शिकलेले पालक असे दुसरे आधार असणार. शाळा बंद झाली तरी ते बंद झाले नाहीत. मराठी वाचनासाठी मात्र गरीब घरातले मूल सर्वस्वी शाळेवर विसंबून होते, म्हणून शाळा थांबताच तेथे खड्डा पडला. माझा हा तर्क बरोबर असेल, तर तो स्थिर आकडा दिलासा देणारा नाही. तो सांगतो की सरकारी शाळेतून इंग्रजी आधीच फारशी मिळत नव्हती.

आणि मोजले गेले ते वाचन. बोलणे मोजलेच नाही. त्याच अहवालात स्मार्टफोन असलेल्या ग्रामीण घरांचे प्रमाण २०१८ मधील ३६ टक्क्यांवरून ७४.८ टक्क्यांवर गेलेले दिसते. म्हणजे आता ऐकवणारे आणि ऐकून घेणारे यंत्र चारपैकी तीन घरांत आहे. आज बाभुळगावातली मुले त्यावर इंग्रजी ऐकतात ती बहुतांशी खेळांची आणि रीलची. समालोचन ऐकणाऱ्या आजोबांशी त्यांचे नाते मला यात स्पष्ट दिसते. अभ्यासक्रम पुन्हा एकदा बाहेरच आहे.

या इतिहासाची साधने झपाट्याने नष्ट होत आहेत. पत्रद्वारा अभ्यासक्रमांच्या पुस्तिका रद्दीत गेल्या, रेडिओपाठांच्या फिती पुसल्या गेल्या, २०२० च्या व्हॉट्सॲप गटांतले मुलांचे आवाज फोन बदलताना नाहीसे झाले. आपल्या घरी तर्खडकरांची जुनी प्रत असेल आणि समासात कोणी पेन्सिलीने अर्थ लिहिले असतील, तर त्या पानाचे छायाचित्र या धाग्याखाली टाकावे. गाव आणि साधारण साल अवश्य लिहावे. विदर्भातली प्रत असल्यास मला विशेष हवी आहे.